सरावाचं पोट

थॉर्गिल्सच्या मांडीवर एक पोट ठेवलंय,
यंत्रातून थराथरानं छापलेलं,
गार, बिनकेसांचं,
बेंबीच्या डावीकडं लाल रबरी बोंड.

'आधी माप घ्या,' स्टाइनुन म्हणते,
'मग भोक कापा. घट्ट नको, सैल नको.'

चाळीस वर्षं बोटीवर
कॉडची आतडी एका झटक्यात उपसून
पक्ष्यांना फेकली त्यानं.
आता कात्री थरथरते.
पहिली पिशवी तिरकी. दुसरी गळाली,
निळं पाणी त्याच्या चपलांवर.
तिसरीला हात बसला.

मग तो सदरा वर करतो.
खरं बोंड ओलं, कोमट,
आणि, हे छापलेल्यानं सांगितलंच नव्हतं,
हलतं.

'थांब रे जरा,' तो त्याला म्हणतो,
परत पाण्यात सोडायच्या
लहानग्या माशाला म्हणावं तसं.