अंगठ्याची मोजणी

बस गेली का?
थांबा. अजून नाही.
मेचेकच्या चढावर तिने गिअर बदलला
की तळघरातल्या आमच्या पडद्यावर गवत उगवतं.
तांदळाच्या कणीएवढा हा सेन्सर,
त्याला आपलं-परकं कळत नाही,
हलेल ते सगळं लिहून घेतो.
तिघी श्वास धरून बसलो.

एतेल्का ग्युर्को, वय एकाहत्तर.
पेचमधल्या हातमोज्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं,
कोकराच्या कातड्याला अंगठा जोडायचा,
एवढंच काम.
दोन वर्षांची असताना पोलिओ.

तिच्या अंगठ्याच्या फुगवट्यावर मी कणी चिकटवते.
मनगटाशी विजेची टिचकी,
मग जराशी जास्त,
मग आणखी—
एक चेता जागी होते
आणि तिच्या पदरचे सगळे तंतू एकदम उसळतात.
अहवालात आम्ही याला मोटर युनिट म्हणतो.
पडद्यावर दिसते ती पायरी.

माझ्या हाताच्या पायऱ्या इतक्या बारीक
की जिना कसला, घसरगुंडीच.
एतेल्काच्या मोजून नऊ.
पण केवढ्या!
चढताना धाप लागावी अशा.

त्या तापात बहुतेक चेता गेल्या,
तंतू उघड्यावर पडले.
उरल्या त्यांनी फांद्या फोडल्या,
शेजारणींची पोरं ओटीत घेतली,
एकेकीनं दहा घरांचं रांधलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
त्या रांधण्यावर तेहतीस वर्षं टाके पडले,
बायका ते मोजे घालून नाटकाला गेल्या.

"दमल्यात आता,"
डॉक्टर पिरोश्का चष्मा पुसत म्हणाल्या,
"मागच्या वर्षी अकरा होत्या."

"गेल्या त्या दोघी कोणत्या?"

पिरोश्काबाई माझ्याकडे बघतात, मी पडद्याकडे.
आलेखात उंची असते, वेळ असते.
नाव लिहायला रकाना नाही.

टिचकी बंद केली.
हात टेबलावर, उशीवर, निवांत.
रेघ सपाट.
आणि मध्येच एक उसळी,
कुणी बोलावलं नसताना.

बस?
घड्याळ पाहिलं. बस पावणेचारला.
तिच्या त्वचेखाली पुन्हा काहीतरी फडकलं,
नऊतलीच कुणीतरी,
काम नसलेल्या दिवशीही लवकर उठलेली.

एतेल्कानं दुसरा हात आणून वर ठेवला.
माझी सगळी नोंद बिघडली,
पडदाभर गवत.
मी काही बोलले नाही.

"बस," ती अंगठ्याला म्हणाली.
"बस जरा."