नख अडकेपर्यंत

गाडी माझ्याकडे आली ती चौथ्या हाताने.
पहिला हात सावंतवाडीच्या कंत्राटदाराचा,
दुसरा त्याच्या मेव्हण्याचा,
तिसऱ्याचं नाव कागदावर आहे, पण एजंट विषय बदलतो.
रंग लाल, असं आरसी बुकात लिहिलंय.
बॉनेटवर मात्र तो
पाहुणे वाढत गेलेल्या घरातल्या कोकम सरबतासारखा.

उभादांड्याला घर. समुद्र तीनशे पावलांवर.
वारा बारा महिने मीठ आणतो, टपावर ठेवतो,
जसं काही मीच मागवलं होतं.
त्यावर फणसाचा चीक, वटवाघळांचे शिंतोडे,
आणि मासळीच्या टेम्पोमागे अडकलं की अंगावर येतं ते पाणी.
त्याबद्दल न बोललेलं बरं.

पास्कू होड्या रंगवतो.
मिस्सा आटपून परतताना कुंपणाशी थांबला.
मी ऐन उन्हात, कपड्यांच्या साबणाने,
जुन्या गाऊनच्या चिंधीने गोल गोल घासत होते.
"उनात कित्याक गे? साबण सुकतलो आणि डाग ऱ्हवतलो."
गाडी ढकलत माडांच्या सावलीत नेली आम्ही.
बादल्या दोन हव्यात, म्हणाला.
एकीत साबण. दुसरीत नुसतं पाणी,
फडक्यातली वाळू सोडायला.
वरून खाली धुवायचं. फडकं जमिनीवर पडलं तर ते मेलं.
हे मला शिकवायला नको होतं.
ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये अकरा वर्षं आहे मी,
खाली पडलेलं काही आम्ही परत वर घेत नाही.

मग त्याने माझ्या हातावर एक पातळ पिशवी चढवली,
सुंगटांची, धुतलेली, तरी वास होताच.
"आता फिरव हात."
दिसायला स्वच्छ बॉनेट
पिशवीखाली रव्यासारखं खरखरलं.
रोज हातमोज्यातून लोकांच्या शिरा शोधणारी मी,
आणि हे मला ठाऊक नव्हतं.

कुडाळहून आणलेली मऊ वडी, साबणाच्या पाण्यावरून
हलकी, सरळ, पुढे-मागे.
चिऱ्यांची तांबडी धूळ तिच्यात रुतून आली,
आणि लोखंडाचे कण, कुठल्या तरी गेटचे, कुठल्या तरी ब्रेकचे.
खरखर विझत गेली.
एका जागी तर हात इतका घसरला की मीच दचकले.

पॉलिश आठाण्याएवढं.
एक वीत चौकोन, पुढचा सोडून द्यायचा.
चार हेलपाट्यांत कापड लाल झालं.
दिवसाला चाळीस जणांचं रक्त काढते,
पण हे बघून पोटात कालवलं.
"रंगच तो," पास्कू म्हणाला,
"वरचो मेलेलो थर जाता, म्हणान खालचो चकाकता.
पण रंग उगवणा नाय गे. मोजून घे."

मोजून घेतलं.

ड्रायव्हरच्या दारावर एक लांब ओरखडा होता,
तिसऱ्या मालकाचा, किंवा त्याच्यावर चिडलेल्या कुणाचा.
मी घासत राहिले. पास्कूने माझं बोट धरून
नख त्यावरून आडवं फिरवलं. अडकलं.
"नख अडाकला की थांब. ह्या पॉलिशाचा काम नाय."
रात्री बराच वेळ
मी तेच नख अंगठ्यावर घासत बसले होते,
कारण काही नव्हतं.

शेवटी मेण. स्लाइडवर थेंब पसरतो
तसं पातळ, आरपार दिसेल इतकं.
धुरकट होऊ द्यायचं, मग कोरड्या फडक्याने उतरवायचं.
माझी घाई बघून पास्कू नुसता
विडी शिलगावायला लांब गेला.

दोनची ड्युटी होती, आणि सावली सरकून डाव्या बाजूवर ऊन आलेलं.
उजवी बाजू तेवढी झाली.
ती बाजू, आणि बॉनेट अर्धं, मधोमध रेघ मारल्यासारखं.

तशीच घेऊन निघाले वेंगुर्ल्याला.
जाताना समुद्राला नवी गाडी दिसली,
डोंगराला जुनी.
येताना उलट.
नाक्यावरच्या रेगे मेडिकलवाल्याने विचारलं,
"ताई, दुसरी घेतली?"
मी म्हटलं, अर्धीच.