फांतोड पार्सल

कंपनीला चाळीस वर्षं झाली म्हणून
वेर्ण्याहून एक मुलगा आला, गळ्यात ओळखपत्र.
म्हणाला, शेवंतीमावशी, सुरुवातीचं सांगा,
पुस्तिकेत घालायचंय.

सुरुवात? एक पिस्टन.
डिचोलीच्या खाणीवर ट्रक तीन दिवस आडवा,
पिस्टन बेळगावला, मालक घामाघूम,
आणि कुष्टा शिरोडकर, जो तेव्हा म्हापशाच्या बसस्टँडवर
सोड्याच्या बाटल्या फोडायचा,
तो म्हणाला, उद्या उजाडायच्या आत आणतो.
का म्हणाला, त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.
संध्याकाळच्या बसनं गेला,
दुकानदाराला झोपेतून उठवलं,
भाजीच्या ट्रकात कोबीवर बसून परत आला,
मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला पिस्टन.
पँटीवरचा ग्रीसचा डाग शेवटपर्यंत निघाला नाही.
पँटीचं पुसणं झालं, तरी डाग होता.

नाव मी सुचवलं. फांतोड, आमच्याकडची पहाट.
रंगाऱ्यानं पाटीवर असं काही लिहिलं
की लोक विचारायचे, फातोर्ड्याची का हो कंपनी?
नियम एकच होता:
पोदेराचा भोंपू वाजायच्या आत पुडकं दारात.

एक मॅटाडोर. मग दोन. मग फोंडा, मडगाव.
मांडवीवरला पूल पडला त्या साली
पहिल्या फेरीबोटीनं न्यायचो सगळं,
नुस्तेकारणींच्या पाट्यांशेजारी;
वर्षभर बँकेच्या पाकिटांना बांगड्यांचा वास.
मी वजनं लिहायची. आत काय, तेही विचारायची.
लोक सांगायचे. कधी खरंही सांगायचे.

पुस्तिकेत छापलंय:
अनमोड घाटात दरड कोसळली असता
चालक मिंगेल फर्नांडिस
औषधांची पेटी डोक्यावर घेऊन सोळा किलोमीटर चालले.

औषधं नव्हती रे बाबा.
ब्लाउज होता, कुडचड्याच्या नवरीचा,
बेळगावच्या शिंप्यानं नेहमीसारखा उशिरा दिलेला.
चालला तो सहाच किलोमीटर, शिव्या देत,
मोल्याला एकाची सायकल मिळाली.
मुहूर्त नऊ बावीसचा.
ब्लाउज खांद्यात घट्ट झाला, ते वेगळंच.
तरी दर पंचमीला तिच्याकडून मिंगेलला पातोळ्या यायच्या,
आमच्याच गाडीनं, पूर्ण पैसे भरून.
हे मी त्या मुलाला सांगितलं होतं. दोनदा.

खाणी बंद पडल्या त्याबद्दल एकच ओळ आहे: ‘आव्हानात्मक काळ’.
रात्रीला साठ नग जायचे, दोनवर आले.
ट्रक लोकांच्या अंगणात उभे, टायरांत डासांची पिलं.
कुष्टा रिकाम्या काट्यावर स्वतःच उभा राहायचा,
म्हणायचा, बघ, आज एवढा माल आहे.
आठवड्याला तो कमी भरायचा.

मग कळंगुटच्या एका हॉटेलातून फोन आला.
पाहुणा कवळी विसरून गेलाय, नागपूरचा आहे,
त्याच्या मुलीचं परवा लग्न.
दुसऱ्या दिवशी चार्जर, मग चष्मा,
मग एक पाळलेलं कासव, ते आम्ही घेतलं नाही.
खाणीनं जन्माला घातलेली कंपनी
विसराळू माणसांनी जगवली. पण असं
पुस्तिकेत कोण लिहील?

आता वेर्ण्याला शेड आहे, आत फुटबॉल खेळता येईल एवढी.
पट्टा फिरतो, लाल उजेड पुडक्यावर पडतो,
पुडकं आपोआप आपली वाट धरतं.
कुष्टाच्या मुलानं पुण्याच्या लोकांना विकलं सगळं.
पाटी तेवढी ठेवली, आणि शुद्ध करून घेतली.

पुस्तिका काल आली, कंपनीच्याच गाडीनं.
दुपारी सव्वाबारा.
पोदेर सकाळचा येऊन गेला होता, संध्याकाळचा यायचा होता.
पोरगा घामेजलेला, मोबाइल पुढं करून म्हणाला,
आजी, काचेवर बोटानं सही करा.
माझं बोट पिठाचं होतं.
काच काही घेईना.
शेवटी त्यानंच केली माझी सही,
आणि आत काय आहे, विचारलं नाही.