नेदर हॉस्बरीतली टपाल

नेदर हॉस्बरीत काही म्हणजे काही घडत नाही,
असं किल्ली हातात देताना हेस्टर प्रॉबर्ट म्हणाली
आणि त्यावरच पाऊण तास बोलत उभी राहिली.

खरंच होतं ते. पहिला आठवडा
मी नुसतं मेंढ्यांचं खोकणं ऐकलं.
अगदी माणसासारख्या खोकतात.
रात्री दोनदा दार उघडून
"कोण आहे?" विचारलं मी, मराठीत.

मिरजेच्या भावाला ऐकू कमी येतं,
म्हणून मी पत्र लिहिते. तो मात्र फोन करतो.
म्हणाला, पत्र मिळालं, पण कडा कुरतडलेल्या.
'तब्येत' आहे, 'बरी' नाही.
उंदीर फार झालेत का गं तुमच्याकडे?

भिंतीतल्या लाल पेटीपाशी गेले. फटीतून टॉर्च मारला.
आत, वरच्या अंगाला,
अकरा गोगलगायी
पाठीवर बिऱ्हाड घेऊन
निवांत डिंक पचवत बसलेल्या.

हो, त्या, हेस्टर म्हणाली. जुन्याच आहेत.
पोस्टमन दर वसंतात उचलून ओढ्यापलीकडे सोडतो,
पिकं वर यायच्या आत त्या परत.
लग्नाची आमंत्रणं त्यांना फार आवडतात.
इन्कमटॅक्सच्या पाकिटाला तोंड लावत नाहीत.

तेव्हापासून मला निरखून बघायची खोडच लागली.
चर्चच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर, छातीएवढ्या उंचीला,
एक भोक
आणि त्याखाली पंख्यासारख्या ओरखडलेल्या रेघा.
वाटलं, कुणा कंटाळलेल्या पोराचा चाळा.
मग लक्षात आलं: घड्याळ आहे.
काटी कधीची हरवलेली.

आजूबाजूला कुणी नाही असं पाहून
मी करंगळी घातली भोकात.
सावली जराशी थरथरली, एका रेघेवर टेकली,
आणि माझ्या करंगळीत साडेदहा वाजले.

मनगटावर साडेअकरा होते.
उन्हाळ्यासाठी सरकारनं पुढे ढकललेला तास
दगडाला कुणी कळवलाच नव्हता.
बोट काढवेना. उगीच वाटलं,
काढलं तर वेळ थांबेल सगळ्या गावाची.
थडग्यांमधलं गवत कापणाऱ्या म्हाताऱ्यानं
टोपी किंचित उचलली. विचारलं काही नाही.

आता पत्रात महत्त्वाचं ते मधोमध लिहिते.
कडेला हवा, अंड्यांचे भाव, मेंढ्यांचा खोकला:
गोगलगायींचा वाटा.

काल भावाचा फोन. या खेपेला
'बरी'सुद्धा पोचलं,
फक्त खालच्या कोपऱ्यातलं तुझं नाव तेवढं नाही.

हेस्टरला सांगितलं.
ती विचारात पडली. म्हणाली,
शाई कुठली वापरतेस?