मुनीम

हर्णैला जत्रेत शिडाच्या कापडावर सिनेमा लावायचे.
वारा सुटला की हिरोचं पोट फुगायचं,
बायका पदराआड हसायच्या.

पोरांना हिरो हवा. आमच्या नझीरला खलनायकाची मोटार.
मला तो मुनीम.
तीनदाच दिसतो. नावसुद्धा नाही त्याला.
तिसऱ्यांदा शेठ म्हणतो, लिही.
तो चष्मा काढतो, धोतराच्या सोग्याने पुसतो,
वही मिटतो –
"हे माझ्या अक्षरात नको."
आणि छत्री विसरून निघून जातो.

पुढे मारामारी, लग्न, ठरलेलं सगळं.
त्याचं काय झालं ते दाखवत नाहीत.
खोलीचं भाडं कुठून भरलं?
घरी गेल्यावर आधी काय बोलला?
वाळूतून परतताना मी विचारलं,
तर नझीर म्हणाला, कोण मुनीम?

आता बंदरावर वही मी लिहितो. सतरा वर्षं.
पानांनासुद्धा कोलंबीचा वास.
परवा लिलाव उठल्यावर दादाशेठ कानाशी आला:
यमुना चोगलेच्या टोपल्या सात. पाच लिही.
ती समोरच उभी,
बर्फाचं पाणी कोपरावरून ठिबकतंय.
वाचता येत नाही तिला,
म्हणून माझ्या हाताकडे बघत होती.

मी चष्मा काढला.
खाऱ्या वाऱ्याने काचा कायमच्या धुरकट.
सदऱ्याने पुसला, बराच वेळ.
तिथपर्यंत मला सगळं येतं, हुबेहूब.

मग लिहिलं.
पाचाचा आकडा नेहमीसारखाच
वळणदार आला.