दोन टेपमार्कांपुढे

फणसेकाका सांगायचे, आधी कोरी शेपटी सोडायची.
दहाएक फूट. तिच्यावर काही लिहायचं नाही,
ती बोटांसाठी असते.
मग नखाएवढा चंदेरी तुकडा येतो, दिव्याखाली चमकतो.
यंत्राला तेवढंच कळतं: इथून.

मकरपुऱ्याच्या पंपांच्या कारखान्यात
भर मेमध्ये आम्ही दोघंच स्वेटर घालून बसायचो.
दाराशी दिनूभाई घाम निपटत विचारायचा,
‘बेन, अंदर हिमालय छे?’
शहाऐंशी साल. मी नवी. रीळ दोन्ही हातांनी धरायचे,
वाणाच्या ताटासारखं.
पाठीमागच्या खाचेत बांगडीएवढी पिवळी रिंग.
रिंग असेल तर लिहिता येतं. काढली, की नुसतं वाचायचं.

हेडर म्हणजे काय? मी वहीत लिहिलं, शीर्षक.
काकांनी खोडलं.
‘शीर्षक वर्तमानपत्राला. हे पाकिटावरचं नाव.
न फोडता कळलं पाहिजे आत कुणाचं काय आहे.’

रेकॉर्ड म्हणजे एक माणूस:
टोकन, आडनाव, खातं, हजेरी, कपात,
सगळा ऐंशी अक्षरांत बसवायचा.
नाही बसला तर आडनाव तोडायचं.
सहस्रबुद्धे आमच्याकडे निवृत्त होईपर्यंत
सहस्रबु होते.

आणि गॅप?
काका चहा बशीत ओतून थांबले.
‘यंत्र धावतं, तसं थांबतंही. थांबायला जागा लागते,
पुन्हा वेग घ्यायला लागते.
माणूस मावतो अर्ध्या सुतात,
त्याच्यामागची मोकळी फीत त्याच्या बारापट.’
म्हणून दहा-दहा जण एकत्र बांधायचे. त्याला ब्लॉक म्हणायचं.
‘सुटे सुटे लिहिलेस, तर रीळभर थांबणंच भरेल.’

फाइल संपली, एक टेपमार्क.
सगळंच संपलं, दोन, लागोपाठ.
‘दोन दिसले की मागे फिरायचं. पुढे काही नसतं.’

असं ते म्हणाले.
मला वाटतं, त्यांना माहीत होतं.

सत्त्याण्णवात यंत्र विकायला काढलं.
काका जाऊन चार वर्षं झालेली.
रिळं एकेक चढवून मी नव्या डिस्कवर उतरवत होते.
चारशे सतरा नंबरावर त्यांच्या अक्षरात, पेन्सिलीनं: स्क्रॅच.
म्हणजे पुन्हा वापरा, जुनं गेलं तरी चालेल.
वर सुट्या भागांची यादी होती, वायसर, बेअरिंगं,
पाव रीळसुद्धा नाही. मग दोन टेपमार्क.

का कोण जाणे, मी यंत्राला पुढे ढकललं.

पहिला ब्लॉक अर्धा खाल्लेला. पॅरिटी चुकली. पुन्हा चुकली.
आठ बिटं काही म्हणत होती, नववं मान्य करेना.
आणि मग एकदम स्वच्छ,
मार्च एकोणऐंशीचा पगार,
दहा-दहाच्या रांगेत सगळं खातं.
तिसऱ्या ब्लॉकमध्ये:

फणसे व. ग., टोकन २१६,
जादा तास चौतीस,
रजा शिल्लक एकशे बारा.

एकशे बारा.
मी तिथेच यंत्र थांबवलं. त्याला थांबायला जागा होती.

दिनूभाई भंगाराची गोणी घेऊन आला.
नोंदवहीत ‘आत काय’ असा रकाना होता,
तिथे मी सुटे भाग असंच लिहिलं.
रिंग काढून घेतली,
रीळ परत मांडणीत लावलं.
गोणी त्या दिवशी थोडी हलकीच गेली.