थोडं जड करू

विकणारा पोरगा हसत म्हणाला होता,
"ताई, ही विचारून निघत नाही."
खरंच विचारलं नाही तिनं.
मनसरच्या मागं, मँगनीजच्या काळ्या ढिगांपलीकडं
चढावर मूठ पाव फिरवली,
आधी काहीच नाही,
मग सगळंच एकदम.
मी घाणेरीत, ती माझ्या अंगावर,
मागचं चाक रिकाम्या हवेत दात खात.
मनगटात पट्टी बसली, सहा स्क्रू.
डिसेंबरात अजून एकेक मोजता येतो.

पाचपावलीत, पुलाच्या सावलीत
वासुदेव हेडाऊंचं गॅरेज.
स्टँडवर घेतली, किक मारली,
कान टाकीला लावून बसले बराच वेळ.
निळा धूर शटरबाहेर जाऊन
समोरच्या तर्री-पोह्याच्या गाडीवर रेंगाळला.
"गाडी वाईट नाही वो मॅडम.
शर्यतीची आहे.
तिले मोकळं मैदान पायजे, तुमाले पायवाट.
भांडण तेवढंच."

मी म्हटलं, ताकद कमी करा.
ते दुखावल्यासारखे बघत राहिले.
"ताकद राहू द्या न. घाई काढू.
थोडं जड करू."

मागचं दातेचक्र अठ्ठेचाळीसचं एक्कावन्न झालं.
पॉवर व्हॉल्व्हची स्प्रिंग अर्धा फेरा आवळली,
म्हणजे झडप उशिरा उघडेल, खालच्या घरात जरा बसून मग.
मुठीतली फिरकी बदलली:
तेवढ्याच वळणाला आता तार कमी ओढते.
पुढचे शॉकअप्स मऊ. जेट दोनदा बदललं,
कारण मधे मे आला
आणि मेच्या नागपुरात हवाही पातळ होते.
दोन आठवडे मी रोज
जरीपटक्यातून कॉलेज सुटलं की तिथं जाऊन
ऑइलच्या डब्यावर बसायचे, ताळेबंदाचे पेपर तपासत.

राहिलं फ्लायव्हील.
त्याला वजन हवं, तीनशे ग्रॅमचं कडं.
"बाहेरून मागवू?" मी विचारलं.
ते आत गेले, पोत्याखालून काहीतरी ओढलं:
वडिलांच्या मागाचं गिअर.
माग इतवारीत किलोवर गेला,
हे एवढं का ठेवलं, त्यांनाही माहीत नव्हतं.
"बीड नाही हे, फुटनार नाही. पोलाद आहे.
बापाच्या मागाले असंच जड चाक होतं,
धोटा अडला तरी
चाक म्हने, चाल न, मी आहे."
लेथवर पोलाद सोलत गेलं, निळसर कुरळे केस पडत.
मी पेपरांवरून तेवढे फुंकले.

रविवारी, उजाडायच्या आधी, तोच चढ.
घाणेरी पुन्हा तेवढीच वाढलेली.
पहिला गिअर. मूठ जेमतेम.
दगडावर चाक चढलं, थबकलं,
मी श्वास धरला,
आणि इंजिन मेलं नाही.
टक्… टक्… टक्…
कुणीतरी आत सावकाश मोजत होतं.
मग ओढलं. ओढतच राहिलं.

वर वाटेत शेळ्या.
मागच्या वेळी हिच्या आवाजानं
त्या पार तलावाच्या दिशेनं उधळल्या होत्या,
आणि त्यांच्यामागं शिव्या देत तो म्हातारा.
आज मी दोन पाय जमिनीवर टेकले,
क्लच दाबून उभी राहिले.
एका पाटीनं पुढच्या चाकाचा वास घेतला,
मडगार्ड चाटून पाहिलं.
म्हातारा म्हणाला, "दुसरी घेतली का?"

मी म्हटलं, नाही, तीच.
त्याला काही पटलं नाही.

वर गेल्यावर, सपाटीला, कुणी नव्हतं.
तिसऱ्या गिअरला मूठ पुरती पिळली
आणि ती किंचाळली, तश्शीच, जुनी.
हेडाऊंना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं एवढंच,
"बंद पडली?"
"नाही."
"मंग?"
मनगट चोळत मी म्हटलं,
चेन जरा ढिली वाटते.